दाढ काढण्याआधी आणि नंतर

इंदूर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा एक्स-रे मिळाला. पुन्हा भरून चालणार नाही का, असं तू विचारलंयस. नाही चालणार. खालची डावी पहिली मोठी दाढ, रूट कॅनाल केलेली आणि वर कॅप न बसवलेली. अशी दाढ चावण्याच्या जोराने उभी चिरते. तुझ्या एक्स-रेत मुळाच्या टोकाभोवतीची काळी सावली एका बाजूने वर चढत आली आहे. शिवाय डॉक्टरांची सळई हिरडीत सगळीकडे २-३ मिमी जाते आणि एकाच जागी ८-९ मिमी खाली उतरते, असं तू लिहितोस. या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की मूळ चिरल्याचा संशय जवळजवळ पक्का होतो. चिरलेलं मूळ सांधत नाही, आणि जितके दिवस ठेवशील तितकं शेजारचं हाड झिजत जाईल. तेव्हा काढूनच टाक.

सकाळची वेळ घे. नंतर रक्त आलं तर दिवसाउजेडी डॉक्टर भेटतात, आणि देवासला परतायलाही घाई होत नाही. उपाशी मात्र येऊ नकोस. रिकाम्या पोटी सुई टोचली की चक्कर येते. बीपीची गोळी रोजच्यासारखी घे. अॅस्पिरिन ७५ स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. एका दाढेचं रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं, पण गोळी थांबवल्याने हृदयात गुठळी झाली तर ते फार महागात पडतं. फक्त डॉक्टरांना आधी सांग. वहिनी हाडांसाठी आठवड्याची गोळी घेतात ना? त्यांची दाढ काढायची वेळ आलीच, तर त्यांनी ती गोळी नक्की सांगायला हवी. तिच्यामुळे जबड्याचं हाड क्वचित भरून येत नाही.

भुलेचं थोडं समजून घे, कारण निम्मी भीती तिथलीच असते. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असतं, दाताशेजारी सुई दिली की औषध आत झिरपतं. खालचं हाड घट्ट, म्हणून सुई मागे, जबड्याच्या आतल्या बाजूला, नस हाडात शिरते तिथे द्यावी लागते. औषध लिग्नोकेन २ टक्के, साधारण २ मिली, सोबत किंचित अॅड्रेनलिन. सुईनंतर मिनिटभर छाती धडधडली तर ती त्या अॅड्रेनलिनची. तिला अॅलर्जी समजून घाबरू नकोस. ३ ते ५ मिनिटांत अर्धा ओठ जड झाला पाहिजे. तो झाला नसेल तर डॉक्टरांना सुरुवात करू देऊ नकोस, तसं स्पष्ट सांग. दाढेखाली पू असेल तर तिथली आम्लता औषधाला नीट काम करू देत नाही. अशा वेळी दुसरी सुई लागते, त्यात डॉक्टर चुकले असं काही नाही. भूल लागल्यावर दाब कळतो, ओढ कळते, करकर ऐकू येते. कळ मात्र यायला नको. आली तर डावा हात वर कर.

दाढ उपटत नाहीत, हाडाचा खड्डा हळूहळू रुंद करत नेतात. आधी हिरडी सोडवतात, मग एलिव्हेटर, म्हणजे चपट्या टोकाचं हत्यार, मुळाच्या आणि हाडाच्या फटीत घालून दाढ हलवतात, आणि शेवटी चिमटा मुळाकडे दाबून गालाकडे आणि जिभेकडे आळीपाळीने झुकवतात. रूट कॅनाल झालेली दाढ ठिसूळ असते, तुझी तर चिरलेलीच. म्हणून चांगला डॉक्टर सरळ ड्रिलने मधोमध कापून दोन मुळं वेगवेगळी काढेल. तसं केलं तर त्याला अडचण आली असं समजू नकोस, त्याने तुझं हाड वाचवलं.

आता मुख्य गोष्ट. काढणं अर्ध्या तासाचं काम, पण त्या खड्ड्यात साठलेली रक्ताची गुठळी पुढचे तीन दिवस जपायची आहे. तीच हाडावरचं झाकण आहे. गॉझचा बोळा ४५ मिनिटं घट्ट चावून धर, मध्ये काढून बघू नकोस. रक्त थांबल्याची खात्री डॉक्टरांनी केली की मगच बस पकड. त्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, नळीने काही प्यायचं नाही. तोंडात ओढ तयार झाली की गुठळी निसटते. लाळेत थोडं रक्त मिसळलं तरी सगळं लाल दिसतं, ते गिळून टाक. बर्फ गालावर बाहेरून १० मिनिटं, मग १० मिनिटं सोड. शेक अजिबात नको. आणि तंबाखू: तीन दिवस तरी नाहीच, मी हात जोडून सांगतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि खड्डा कोरडा पडतो. कोरडा पडला की दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कानापर्यंत कळ जाते, तोंडाला घाण वास येतो, गोळ्यांनी भागत नाही. मग खड्डा धुऊन लवंगाच्या तेलाचं ड्रेसिंग भरावं लागतं. घरी लवंग कुटून त्यात कोंबू नकोस, हिरडी भाजते.

दुखण्यासाठी भूल उतरायच्या आधीच पॅरासिटामॉल ६५० घे, मग लागेल तशी दर ६ तासांनी. आयब्युप्रोफेन तू टाळ, ते अॅस्पिरिनच्या कामाच्या आड येतं. ओठ बधिर आहे तोवर खाऊ नकोस, गाल चावला जातो. नंतर दहीभात, कोमट वरणभात, चमच्याने श्रीखंड. इथली दुधाची शिकंजी चालेल, सुकामेव्याचे तुकडे गाळून. पोह्यांवरची शेव आणि जिरावण मसाला आठवडाभर नको, ते कण नेमके खड्ड्यात बसतात. २४ तासांनी ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून ४-५ वेळा तोंडात धर आणि मान वाकवून नुसतं सांडू दे. बाकीचे दात घासत राहा.

सूज दोन-तीन दिवस वाढते, मग उतरते. तिसऱ्या दिवसानंतरही वाढत असेल, ताप आला, तोंड उघडेना तर डॉक्टरांकडे ये. गिळता येईना किंवा जिभेखाली सूज आली, तर रात्र असली तरी थेट मोठं इस्पितळ गाठ. दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल तर तेही कळव.

रिकाम्या जागेचं तीन महिन्यांनी बघू, पण सोडून देऊ नकोस, वरची दाढ खाली उतरू लागते. निघताना गॉझचे चार-सहा जास्तीचे तुकडे मागून घे. रात्री पुन्हा रक्त आलं तर एक ओला करून जागेवर ठेव आणि अर्धा तास चावून बस. तेवढ्यानेही थांबलं नाही तर मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अण्णा