शाल-श्रीफळ नको म्हणालात, मग हे पत्र घ्या

तळमजल्यावरच्या काकांना,
सप्रेम नमस्कार.

सत्काराचं नाव काढलंत तर गावाला निघून जाईन, असं तुम्ही कमिटीला बजावलं होतंत. कमिटीने नाव काढलं आणि तुम्ही खरंच रत्नागिरीला जाऊन बसलात. शाल दुकानदाराने परत घेतली, नारळाच्या मी वड्या केल्या. आभार मात्र परत करता येत नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, तेवढा शब्द पाळते. मुलुंड पूर्वेच्या आपल्या गल्लीतले लोक ओळखायचं ते ओळखतीलच.

बातमी आधी सांगते. मिळकत पत्रिकेवर, म्हणजे जमीन कोणाची ते सांगणाऱ्या सरकारी उताऱ्यावर, आपल्या गृहनिर्माण संस्थेचं नाव चढलं! 'नवीन धारक' म्हणून जो रकाना आहे ना, त्यात शेवटच्या नोंदीत संस्थेचं पूर्ण नाव आलंय. मी ते ग्रुपवर टाकलं तेव्हा बरीच रात्र झाली होती, तरी दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी गॅलरीत येऊन चक्क थाळी बडवली. तुम्हाला ते आवडलं नसतं. आम्ही त्यांना अडवलंही नाही.

हे पत्र आपल्या इमारतीबाहेरचेही वाचतील, म्हणून थोडी मागची हकिगत. इमारत १९८०च्या दशकातली. बिल्डरने पैसे घेतले, चाव्या दिल्या, संस्था नोंदवून दिली आणि जमीन तेवढी करून दिली नाही. मोफा, म्हणजे फ्लॅट बांधून विकणाऱ्या बिल्डरांवरचा कायदा, १९६३चा. संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन आणि इमारत तिच्या नावे करून द्यायची, असं त्याखालच्या नियमांत आहे. मुंबईत हे झालेलंच नाही अशा इमारती हजारोंनी सापडतील. कारण उघड आहे. जमीन ज्याच्या नावावर, वाढीव एफएसआयवर, म्हणजे जास्तीच्या बांधकामाच्या हक्कावर, दावा त्याचा, आणि पुनर्विकासाची बोलणी त्याच्या मर्जीने. बिल्डर सही देत नसेल तर संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. सरकारी भाषेत मानीव अभिहस्तांतरण, बोलताना सगळेच डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात.

हे आपल्या कमिटीला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दर वार्षिक सभेत उत्तर ठरलेलं: कागद नाहीत. कागद बिल्डरकडे, बिल्डरचा जुना भागीदार वारलेला, मुलगा फोन उचलत नाही. मग एक एजंट उगवला. कागद काढून देतो, फाईल चालवतो, दर फ्लॅटमागे इतके. रक्कम ऐकून मला माझ्या पोळीभाजी केंद्राच्या गाळ्याचं भाडं आठवलं आणि घशाला कोरड पडली. लोक मान डोलवायला लागले होते. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून तुम्ही म्हणालात, "कुठले कागद लागतात ते मला माहीत आहे. कुठे मिळतात ते तुमची पोरं शोधतील. एजंटला चहा पाजा आणि जाऊ द्या."

उभी हयात महापालिकेत कारकुनी केलेला माणूस. इतकी वर्षं आपण तुम्हाला पाण्याच्या टाकीची वेळ विचारण्यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

माझ्या लेकीच्या लॅपटॉपवर आपण सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा सरकारी गोषवारा, काढली ती रात्र मी विसरणार नाही. जिल्हा मुंबई उपनगर, गाव मुलुंड, मग सीटीएस नंबर, म्हणजे जमिनीचा नगर भूमापन क्रमांक. मुंबईत राहून 'गाव' निवडायचं याचं लेकीला हसू आवरेना. वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाकली आणि एकेक दस्त समोर यायला लागला. विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ. पुढे 'आकारणी किंवा जुडी देण्यात असेल तेव्हा' असा एक रकाना आला आणि आम्ही सगळे तिथेच अडलो. चिटणीस म्हणाले, ही जुडी भरली नाही म्हणून तर जमीन अडकली नसेल? तुम्ही चष्मा वर सरकवलात. "ती इनामी जमिनींची भानगड, सोडा ती. करून देणारा कोण, लिहून घेणारा कोण, ते वाचा." आणि तिथे मूळ जमीनमालकाचं नाव, बिल्डरचं नाव, तारीख, सगळं स्वच्छ मराठीत होतं. जे बघायला एजंट पैसे मागत होता, ते घरबसल्या समोर आलं होतं.

इंटरनेटने सामान्य माणसाच्या हाती ताकद आली, असं लोक म्हणतात तेव्हा मला ती जुडी आठवते. कागद उघडा झाला हे खरंच. पण त्यातलं काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं, हे सांगणारा माणूस शेजारी नसता तर आम्ही अजूनही त्या रकान्यापाशीच वाद घालत बसलो असतो. लेकीला बटणं माहीत होती, तुम्हाला कागद माहीत होते. दोघांपैकी एकाच्याने हे झालं नसतं, आणि तसं मी तिलाही ऐकवलं आहे.

मग माहितीचा अधिकार. कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे, महाराष्ट्राचा स्वतःचा तर त्याच्याही आधीचा, तरी आपल्या इमारतीतून कधी अर्ज गेला नव्हता. अर्ज द्यायला हाफ डे कोण टाकणार? आता अर्जही फोनवरून आणि १० रुपयांचं शुल्कही फोनवरून. आपल्या चिटणीसांनी पहिला मसुदा पोटतिडकीने लिहिला होता. दोन पानं, ठिकठिकाणी 'का?', शेवटी शिवाजी महाराज. तुम्ही तो चार ओळींवर आणलात. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला हवा, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "'का' विचारलंत तर टोलवतील. 'अमुक नकाशाची प्रत द्या' म्हणा. एक तर प्रत द्यावी लागेल, नाहीतर नाही म्हणून लेखी द्यावं लागेल." माहिती कशासाठी हवी हे सांगायची सक्ती नाही, कलम ६(२), हेही तुमच्याकडूनच कळलं. एका कार्यालयाने 'अभिलेख आढळून येत नाही' असं कळवलं. तुम्ही हसलात आणि पहिलं अपील टाकायला लावलंत. अपील गेलं आणि अभिलेख आढळून आला. तो मधल्या काळात कुठे गेला होता ते त्यालाच माहीत.

त्या मंजूर नकाशाने काय केलं, ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मागची मोकळी जागा, जिथे पोरं क्रिकेट खेळतात आणि मी पापड वाळत घालते, ती 'वेगळा प्लॉट आहे' असं सांगत एक गृहस्थ टेप आणि चुन्याची पिशवी घेऊन आले होते. वॉचमन बाजूला सरकला होता. तुम्ही लुंगीवरच बाहेर आलात, फोन पुढे केलात. मिळकत पत्रिकेवर एकच सीटीएस नंबर, क्षेत्रफळ मागच्या जागेसकट. नकाशात त्याच तुकड्यावर 'आर. जी.' लिहिलेलं, म्हणजे मनोरंजनासाठी राखलेली मोकळी जागा. "साहेब, तुमचा नंबर कुठला? सांगा, आत्ताच उघडून बघू." आवाज एवढाही चढवला नाहीत. त्यांनी तिकडे जाऊन कोणाला तरी फोन लावला, बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं आणि टेप गुंडाळून गेले. चुन्याची पिशवी विसरले, ती वॉचमनने झाडांच्या बुंध्यांना वापरली.

ग्रुपचंही लिहायलाच हवं. तुम्ही येण्याआधी तिथे काय होतं? सुप्रभात, गुलाबाची फुलं, आणि कोणाच्या गाडीने कोणाची गाडी अडवली. तुम्ही एकच नियम घातलात: कागद टाका, मत सभेत मांडा. प्रत्येक अर्जाची, पोचेची, नोटिशीची प्रत त्याच दिवशी सगळ्यांना. आधी फाईल एका लोखंडी कपाटात आणि किल्ली एका खिशात असायची. ती किल्ली कोणी मागून घेतली नाही, तिची गरजच उरली नाही. कमिटीतल्या दोघांना हे झोंबलं, ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. चालायचंच.

काही जण घाबरलेही होते. बिल्डरच्या विरोधातला कागद ग्रुपवर टाकला तर पोलीस येतील का? विचारणाऱ्याला हसण्यासारखं काही नव्हतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदवर फेसबुकवर चार शब्द लिहिले, लाइक केलं, म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झालीच होती. तुम्ही पुढची गोष्टही सांगितलीत. श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, ज्याखाली अशा अटका व्हायच्या ते, रद्द केलं. आणि लगेच तुमची सूचना: "बदनामीचा कायदा मात्र आहे. म्हणून सांगतो, कागद टाका, शिव्या टाकू नका." त्याच वर्षी नेट सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, दहा लाखांवर ई-मेल गेले, त्यातला एक तुमचा होता, हे तुम्ही इतक्या सहज सांगितलंत की मला आधी पटलंच नाही. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात, तुम्ही ट्रायला पत्र लिहीत होतात.

'नवीन जीआर आलाय' ही आपल्या सभांमधली जुनी धमकी. कोणीतरी म्हणायचं आणि बाकीचे गप्प बसायचे. आता तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईसुद्धा विचारतात, "संकेतांक सांगा." १८ आकडी संकेतांक घातला की शासन निर्णय उघडतो, आणि सुरुवातीच्या आकड्यांत साल, महिना, तारीख असते, हे तुम्ही एकदाच सांगितलंत. मागच्या सभेत एका वकीलसाहेबांना संकेतांक आठवेना. विषय तिथेच संपला.

आम्हा बायकांतर्फे एक वेगळे आभार. सभेत पुढच्या खुर्च्या पुरुषांच्या, बोलणं निम्मं इंग्रजीत, आणि आम्ही मागे चहाच्या कपांपाशी. तुम्ही प्रत्येक कागदावर मराठीत व्हॉइस नोट करायचात. हा कागद काय, कोणी दिला, यात आपल्या कामाची ओळ कुठली. कोणी लोकलमध्ये कानात घालून ऐकायच्या, मी पोळ्या लाटताना ऐकायची. तुमच्या खोकल्यासकट. पुढच्या सभेला पहिला प्रश्न मागच्या रांगेतून आला, आणि तो अभिनिर्णयाबद्दल होता. आदेश मिळाल्यावर दस्तावर मुद्रांक शुल्क किती, ते कोण ठरवणार? कमिटीला उत्तर माहीत नव्हतं. विचारणारीला माहीत होतं.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी तुम्ही तोच कागद झेरॉक्स करून फलकावर लावायचात, मोठ्या टायपात. तळमजल्यावरच्या आजी भिंग घेऊन वाचायच्या आणि शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या.

सगळं फोनवर झालं असं मात्र कोणी समजू नये. सुनावणीला माणसं उभी राहिली. दस्त नोंदवायला सह्या करणारे स्वतः गेले, नगर भूमापन कार्यालयात फेऱ्या झाल्या. त्या दिवसांत घरपोच डबे तुम्ही आणि तुमच्या नातवाने पोचवलेत म्हणून माझं केंद्र चालू राहिलं, ही गोष्ट कुठल्याच ग्रुपवर नाही. म्हणून इथे लिहून ठेवते.

आता कामाचं. पुनर्विकासाचा विषय निघाला आहे. ४ जुलै २०१९चा, सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालचा पुनर्विकासाचा शासन निर्णय मी वाचला, दोनदा. प्रकल्प सल्लागार नेमायच्या आधी एक अनौपचारिक बैठक आहे, तिची लिंक पाठवते, गावात रेंज जिथे येते तिथे बसा. विकासक निवडायच्या सभेला मात्र दोन तृतीयांश सभासद हजर लागतात, चित्रीकरण होतं, तिथे लिंक चालायची नाही. फ्लॅट तुमच्या नावावर आहे, मुलाला पाठवून भागणार नाही. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सभेची तारीख ठरली की कोकणकन्येचं तिकीट मी काढते, ठाण्याला उतरा, चिटणीस गाडी घेऊन येतील. खालचा बर्थ हवा ना?

तुमची,
पोळीभाजीवाली वहिनी
आणि बिऱ्हाडं २८