कलम गेले, धाक राहिला

मा. संपादक,

दुसऱ्या कुणाचे नुकसान न करणारी कृत्ये गुन्हा ठरवणारे कायदे धर्मातून आले का, असा प्रश्न विचारला जातो. तो मराठवाड्यात बसून तपासायचा तर दारू-जुगाराची नेहमीची उदाहरणे बाजूला ठेवून जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम 309 पाहावे. आत्महत्येचा प्रयत्न फसला, की एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होई.

याचे मूळ चर्चमध्ये आहे. इंग्लंडमध्ये आत्महत्या आधी पाप ठरली, मग गुन्हा. मृताची मालमत्ता राजाकडे जमा होई, धर्मविधीने दफन नाकारले जाई. तोच विचार 1860 च्या संहितेतून इकडे आला. आपल्याकडचा धर्म या बाबतीत एकसुरी कधीच नव्हता. आत्मघाताला महापातक म्हणणारे आपणच आणि आळंदीला समाधीपुढे हात जोडणारेही आपणच. जैनांच्या संथाऱ्याला (अन्नत्याग करून मरण स्वीकारण्याच्या व्रताला) राजस्थान उच्च न्यायालयाने 2015 मध्ये याच कलमात बसवले. महिना संपायच्या आत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. खुद्द इंग्लंडने हा गुन्हा 1961 मध्येच रद्द केला. चर्चचे पाप आपण पुढे साठ वर्षे जपले!

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने (कलम 115) असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले, आणि 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत 309 सारखे कलमच नाही. उरले ते 226: लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न. म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयापुढे आत्मदहनाचा प्रयत्न करणारा अजूनही आरोपी. इथे धर्म कुठे आला? ही सरकारची स्वतःची सोय.

गावोगावी मात्र जुनाच धाक आहे. ‘पोलीस केस होईल’ म्हणून विष घेतलेल्याचे नातेवाईक फवारणीच्या औषधाचे नाव दडवतात, ‘चक्कर येऊन पडला’ सांगतात. यात वेळ जातो, कारण उतारा विषागणिक वेगळा. ऑरगॅनोफॉस्फेट या गटातल्या कीटकनाशकांना ॲट्रोपिन हे औषध चालते, काही तणनाशकांना उताराच नाही. म्हणून रिकामा डबा सोबत न्यावा. लेबलवर घटकाचे नाव, विषारीपणाचा रंगीत चौकोन आणि उतारा छापलेला असतो. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये, ती फुप्फुसात जाऊ शकते.

दवाखान्यात एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) आजही होते, पोलीस जबाबही घेतात. पण ती नोंद आहे, रुग्णावरचा आरोप नव्हे. अपघात विभागाच्या दाराशी एवढे मराठीत लिहिलेली पाटी लावायला काय हरकत आहे? त्याखाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांकही यावा.

– एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)