मोठ्यांच्या वाचनातल्या चुका ठरलेल्या जागीच होतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिस्लेक्सिया म्हणजे वाचनाची मुळातली अडचण. हे नाव घेतले की आपल्याकडे अजूनही तिसरी-चौथीतले मूल डोळ्यांपुढे येते. ते मूल मोठे होते, आयटीआय करते, रबाळ्याच्या कारखान्यात किंवा वागळे इस्टेटमधल्या कार्यालयात नोकरीला लागते, पुढे सोसायटीचे खजिनदारही होते. वाचनाची अडचण मात्र सुटत नाही, ती फक्त झाकली जाते. दहावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षमतेसाठी (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) सवलती द्यायला महाराष्ट्राने १९९०च्या दशकातच सुरुवात केली. त्या पहिल्या तुकड्यांतली मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत. ज्यांना तेव्हा कोणी तपासलेच नाही ती त्याहून कितीतरी जास्त. हे पत्र त्यांच्यासाठी, आणि त्यांना ‘नीट लक्ष देऊन वाच ना’ म्हणणाऱ्या घरच्यांसाठी व साहेबांसाठीही.

आधी वेगळे काढायच्या दोन गोष्टी. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागले, अक्षरे जुळी दिसली किंवा मधुमेहामुळे नजर कमी-जास्त होत असली, तर पहिली फेरी नेत्रतज्ज्ञाकडे. आणि कालपर्यंत सहज पेपर वाचणाऱ्या माणसाला आज अचानक अक्षरे लागेनाशी झाली, तर तो डिस्लेक्सिया नव्हे. मेंदूच्या मागच्या भागातला रक्तपुरवठा अडला तर लिहिता येते पण आपलेच लिहिलेले वाचता येत नाही, असेही होते. अशा वेळी चष्मा बदलत बसू नये, १०८ला फोन करून पक्षाघातावर उपचार होतात अशा मोठ्या रुग्णालयात तासाभरात पोहोचावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते.

डिस्लेक्सिया शाळेपासूनचा असतो, आणि बहुधा घराण्यात आणखी कोणाला तरी असतो. हा शब्द १८८७मध्ये पहिल्यांदा वापरला तो श्टुटगार्टचे नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी, आणि त्यांचे रुग्ण मोठी माणसेच होती. नेत्रतज्ज्ञाच्या हातून नाव पडल्यामुळे की काय, हा डोळ्यांचा दोष आहे ही समजूत अजून जात नाही. मूळ अडचण आहे ती अक्षर आणि त्याचा उच्चार यांची गाठ झटकन बसण्यात. रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांवर पैसे घालवू नयेत, त्यांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला आधार नाही.

मराठीतला डिस्लेक्सिया नजरेतून का सुटतो, हे नीट सांगायला हवे. इंग्रजीत एकाच अक्षराचे चार उच्चार, म्हणून तिथे चुका ढळढळीत दिसतात. मराठीत जे लिहिले ते बहुतांशी तसेच वाचायचे असते, त्यामुळे मोठा माणूस अक्षर-अक्षर जुळवत बरोबर शब्दापर्यंत पोहोचतो, पण फार हळू पोहोचतो. इतरांचे पान वाचून झाले तरी याचा दुसरा परिच्छेद चालू असतो. चूक दिसत नाही, फक्त वेळ जातो. वेळ वाचवायला तो पहिल्या अक्षरावरून आणि शब्दाच्या ठेवणीवरून अंदाज बांधतो, आणि तिथे फसतो. अंदाज बांधणे हा आळस नव्हे. प्रत्येक शब्द फोडून वाचण्याचा शीण टाळण्याची ती धडपड आहे.

फसायच्या जागा मात्र ठरलेल्या असतात. आपल्या लिपीत भ-म, घ-ध, ब-व, थ-य, ष-प या जोड्या एका रेघेने किंवा एका गाठीने वेगळ्या होतात, म्हणून ‘घाम’ आणि ‘धाम’, ‘भात’ आणि ‘मात’ यांची अदलाबदल होते. सुटा ‘ख’ असलेल्या जुन्या टायपात ‘खाना’ आणि ‘रवाना’ एकसारखे दिसतात. सगळ्यात अवघड जागा रफार आणि ऱ्हस्व वेलांटी एकत्र येतात ती. ‘आर्थिक’ हा शब्द घ्या, तो प्रत्येक सरकारी कागदावर असतो. बोलताना क्रम आ, र्, थ, इ, क. कागदावर डावीकडून बघत गेलो तर आ, मग वेलांटी, मग थ, त्याच्या डोक्यावर र आणि शेवटी क. वेलांटी उच्चाराच्या आधी येऊन उभी, रफार उच्चाराच्या नंतर. एकाच शब्दात डोळ्याला एकदा पुढे आणि एकदा मागे जावे लागते. ‘आथिर्क’ असे लिहिणारा माणूस अडाणी नाही, त्याच्या डोक्यात र आणि थ यांची गाठ दुसऱ्या क्रमाने बसली आहे.

दुसरी जागा छोट्या शब्दांची. ‘न’, ‘नये’, ‘व’, ‘किंवा’ हे डोळा गाळून पुढे जातो. ‘अ’ आणि ‘अन’ हे उपसर्ग तर हमखास निसटतात. ‘अनधिकृत’चे ‘अधिकृत’ होते, ‘अपात्र’चे ‘पात्र’, ‘अवैध’चे ‘वैध’. आपल्या शहरांत इमारतींवर लागणाऱ्या नोटिसा पाहिल्या तर ही एक चूक केवढ्याला पडते ते कळेल. तिसरी जागा आकड्यांची. देवनागरी १ आणि ९, ३ आणि ६ घाईत एकमेकांच्या जागी बसतात, म्हणून सेक्टर १६च्या ऐवजी १३ गाठला जातो. इंग्रजी आकड्यांत ४३चे ३४ होते, गाडीचा नंबर किंवा चेकची रक्कम लिहिताना हे सर्रास घडते.

जागा ठरलेल्या असल्यामुळे पहाराही तिथेच ठेवता येतो. आम्ही वाचनाच्या अडचणींवर काम करणारे लोक सगळ्यात आधी दोन आठवड्यांची चुकांची वही करायला सांगतो. डाव्या रकान्यात छापलेला शब्द, उजव्या रकान्यात आपण वाचलेला. वीस-तीस नोंदी झाल्या की आपली जोडी कोणती ते लक्षात येते. एखाद्याचे सगळे घ-धचे असते, एखाद्याचे फक्त जोडाक्षरांचे. मग सगळीकडे जपून वाचण्याचा शीण वाचतो.

लांब शब्द पेन्सिलीने तोडावा. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटत जातात, ‘घरमालकांकडूनसुद्धा’ हा एक शब्द दिसतो पण त्यात घर, मालकां, कडून, सुद्धा असे चार तुकडे आहेत. मध्ये तिरप्या रेघा मारल्या की तो वाचता येतो. रोज पंधरा मिनिटे एकच उतारा, शंभर-सव्वाशे शब्दांचा, पहिल्यांदा कोणाकडून किंवा फोनकडून ऐकत बोट फिरवून, मग तीनदा स्वतः मोठ्याने वाचावा आणि दर वेळची सेकंदे लिहून ठेवावीत. उतारा आपल्या कामातलाच असावा, इसापनीती नको. चाळिशीच्या माणसाला बालभारतीची पहिली हातात दिली की तो दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

सलग मजकूर वाचताना पट्टी वाचून झालेल्या ओळीवर ठेवावी, म्हणजे पुढचे झाकले जात नाही आणि डोळा मागे घसरत नाही. तक्ता किंवा बिल वाचताना उलट, पट्टी ओळीच्या खाली, कारण तिथे भीती खालच्या ओळीत उतरण्याची असते. छापायचे असेल तर टाइप मोठा, ओळींत दीडपट अंतर, उजवी कड मोकळी, कागद पांढऱ्याशुभ्रपेक्षा किंचित पिवळसर. इंग्रजीसाठी १२ ते १४ पॉइंट सुचवतात. देवनागरीत मात्रा-उकारांना वर-खाली जागा लागते, म्हणून आम्ही १६ सुचवतो. ‘डिस्लेक्सियाचा खास फॉन्ट’ म्हणून जे मिळते त्यापेक्षा या अंतराचाच उपयोग जास्त.

आकडे आणि कोड जागेवरून ओळखावेत. आयएफएससी कोडमध्ये ११ खुणा असतात. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे नेहमी शून्य. ते इंग्रजी ‘ओ’ नाहीच, हे एकदा माहीत झाले की तिथली चूक संपते. पॅन क्रमांकात पाच अक्षरे, चार आकडे आणि शेवटी एक अक्षर, म्हणून गोल दिसणारी खूण सहाव्या ते नवव्या जागेत असेल तर शून्य, बाकी ठिकाणी ‘ओ’. वैयक्तिक पॅनचे चौथे अक्षर ‘पी’ असते, तीही एक खूण. ओटीपी तीन-तीनच्या दोन तुकड्यांत मोठ्याने म्हणावा. खातेक्रमांक लिहून झाल्यावर शेवटच्या आकड्यापासून उलटा ताडून पाहावा. उलट वाचताना अंदाज चालत नाही, म्हणून चूक सापडते.

ठाण्याच्या फलाटावरचा इंडिकेटर भाषा बदलत राहतो, आणि हळू वाचणाऱ्याचा शब्द अर्धा झालेला असतानाच लिपी पालटते. कर्जत आणि कसारा, दोन्ही क-पासून, दोन्ही तीन अक्षरी, आणि कल्याणनंतर वाटा वेगळ्या. अशा वेळी नाव वाचूच नये, खूण बघावी. कर्जतला ‘एस’, कसाऱ्याला ‘एन’. पनवेलच्या गाडीत खारघर आणि खांदेश्वर यांची गल्लत होते. तिथे मोजणी कामी येते, खारघरनंतर मानसरोवर आणि मग खांदेश्वर.

फोनची मदत घ्यायला लाजू नये. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ‘सिलेक्ट टू स्पीक’ सुरू करावे आणि टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये मराठी आवाज उतरवून घ्यावा. मग पडद्यावरचा मजकूर फोन वाचून दाखवतो. कागदावरची नोटीस गूगल लेन्सने टिपली की तीही ऐकता येते. लिहिलेला अर्ज पाठवण्याआधी फोनकडून एकदा वाचून घ्यावा, आपल्या डोळ्याला न दिसलेली चूक कानाला खटकते. फक्त एक जपावे. फोटो वाकडा किंवा सावलीतला असेल तर यंत्रही रफार आणि अनुस्वार गाळते, म्हणून रक्कम आणि तारीख दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यावी.

टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातल्या रसायन कारखान्यांना खास सांगणे आहे. सोडियम नायट्राइट आणि सोडियम नायट्रेट ही नावे मराठीत लिहा की इंग्रजीत, फरक शेवटी जरासाच. सूत्रात शेवटचा आकडा एकाला २, दुसऱ्याला ३. पिंपावर नुसते नाव नको. रंगाची पट्टी आणि मोठा गोदाम क्रमांकही हवा, आणि भरताना एकाने क्रमांक मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने पिंपावर बोट ठेवून परत म्हणावा. याला खर्च नाही, आणि डिस्लेक्सिया नसलेल्या पण रात्रपाळीने थकलेल्या कामगारालाही तेच वाचवते.

तपासणीबद्दल थोडक्यात. रक्ततपासणी किंवा एमआरआयवरून हे निदान होत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जावे. दोन-तीन बैठका लागतात. त्यात बुद्धिमापन, एका मिनिटात वाचलेले शब्द, अर्थ नसलेले शब्द (‘टिबूस’, ‘झर्पित’ असे, कारण त्यांत अंदाज चालत नाही), श्रुतलेखन आणि आकडे लक्षात ठेवणे, हे पाहतात. जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके, हाताने लिहिलेले एक पान आणि वर सांगितलेली चुकांची वही न्यावी. प्रगतिपुस्तके फार महत्त्वाची. मराठीतल्या ‘दाली’सारख्या चाचण्या प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी बेतलेल्या आहेत, म्हणून मोठ्यांच्या निदानात शाळेतल्या इतिहासाला वजन येते. आणि एक प्रश्न तपासणाऱ्याने विचारला नाही तर आपण सांगावा: अडचण फक्त इंग्रजीत आहे की मराठीतही? फक्त इंग्रजीत असेल तर शिकवणी कमी पडली असण्याची शक्यता जास्त.

कायदा आपल्या बाजूने आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा, १९ एप्रिल २०१७पासून लागू, आणि त्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक असेल तर सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात हक्क सांगता येतो, आणि लेखी परीक्षेत जादा वेळ मागता येतो. २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तो तासाला किमान २० मिनिटे ठरवला होता. एमपीएससीची तयारी करणाऱ्यांनी हे अर्ज भरतानाच पाहावे, हॉलतिकीट आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

नवी मुंबई महापालिकेचे वाशीचे ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांसाठी बरीच वर्षे चालते. तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ, सहानंतर, अठरा वर्षांपुढच्यांसाठी ठेवावी. दिवसा नोकरी करणारा माणूस सकाळी अकराला येऊ शकत नाही. ठाण्यातही अशी सोय जिल्हा रुग्णालयात व्हावी. दोन्ही महापालिकांनी नोटिसांमध्ये नकार ठळक छापावा: ‘करू नये’, ‘अपात्र’, ‘अनधिकृत’ हे शब्द जाड टाइपात, मुदतीची तारीख वेगळ्या ओळीवर, महिना आकड्यात नव्हे तर नावाने.

शेवटची विनंती आपल्यालाच. वृत्तपत्रांतल्या जाहीर सूचना अरुंद रकान्यात अगदी बारीक टाइपात येतात, आणि दोन्ही कडा सरळ राखण्यासाठी शब्दांमधली जागा ताणली जाते. निदान हरकतींची मुदत आणि पत्ता या दोन ओळी मोठ्या टाइपात, उजवी कड मोकळी सोडून छापता येतील का, हे आपल्या जाहिरात विभागाने पाहावे.

आपले नम्र,
वाचनाच्या अडचणींवर काम करणारे विशेष शिक्षक व मानसशास्त्रज्ञ,
ठाणे व नवी मुंबई