शेपटीजवळचा मऊ पंख

टकोमा, वॉशिंग्टन राज्य
12 सप्टेंबर

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर समुद्राचं नाव निघालं की आई रडकुंडीला येते, आणि तुम्ही तिच्या मागून एकच विचारता, "केवढा हाये डोंगा?" तेवढ्यात नेटवर्क जातं. म्हणून मी समुद्रात सालमन मासे धरायला कशी जाते ते सगळं नीट लिहून पाठवते. लहान्यानं हे मोठ्यानं वाचून दाखवावं, अन् आईचं काम आटोपल्यावरच वाचावं. अर्धंच कानावर पडलं तर ती रात्रभर जागी राहील.

आधी डोंग्याचं सांगते. त्याला इथे कयाक म्हणतात. आपल्या डोंग्यासारखा तो खोडातून कोरलेला नसतो, जाड प्लास्टिकचा असतो आणि चारी बाजूंनी बंद असतो. आपण आत बसत नाही, वर बसतो. लाट अंगावर आली तर पाणी तळाच्या भोकांतून खाली निघून जातं, साचत नाही. लांबी साधारण 13 फूट, रुंदी तीन फुटांच्या आत. माझ्या कयाकला सायकलसारखं पायडल आहे. ते मारलं की तळाखालच्या दोन पट्ट्या डाव्या-उजव्या हलतात आणि डोंगा पुढे जातो. वल्हं लागत नाही, हात गरीसाठी मोकळे राहतात. बाबा, तुम्हाला हे फार आवडेल. वैनगंगेत एका हातानं वल्हं सांभाळून दुसऱ्या हातानं जाळं सोडताना तुमचा खांदा किती दुखायचा ते मी पाहिलं आहे.

आई, आता तुझ्यासाठी. मी एकटी कधीच जात नाही. तिघं जण असल्याशिवाय आमच्यातलं कुणी पाण्यात उतरत नाही. एक माझ्याच वॉर्डातली फिलिपिन्सची नर्स आहे, तिचे वडीलही मासेमार होते. दुसरे इथलेच एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी आयुष्यभर हा किनारा पाहिला आहे, आणि ते नको म्हणाले की आम्ही निमूटपणे गाडी परत फिरवतो. वारा, भरती-ओहोटी, धुकं, सगळं आदल्या रात्री बघून ठेवतो. इथे ऑगस्टमध्ये सकाळी धुकं इतकं दाट उतरतं की शेजारचा डोंगा दिसत नाही, आणि आम्ही जातो त्याच सामुद्रधुनीतून सिएटल, टकोमा, व्हँकुव्हरला जाणारी मोठी जहाजं ये-जा करतात. त्यामुळे किनाऱ्याचा हात सोडत नाही. प्रत्येकाजवळ वायरलेस असतो. त्याच्या 16 नंबरच्या चॅनेलवर हाक दिली की तटरक्षक दल ऐकतं.

खरी भीती लाटांची नाही, गारठ्याची आहे. इथलं पाणी भर उन्हाळ्यातही 10-12 अंशांच्या आसपास असतं. आम्हाला शिकवलेला हिशेब असा : अशा पाण्यात माणूस पडला की पहिलं 1 मिनिट श्वास आवरण्यात जातो, पुढची 10 मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला साधारण 1 तास लागतो. बाबांनी मला नदीत पोहायला शिकवलं, पण इथे पोहणं येतं म्हणून निर्धास्त राहता येत नाही. बोटं आधी बधिर होतात. म्हणून मानेला आणि मनगटांना रबरानं घट्ट बंद होणारा कोरडा सूट घालतो, त्यात पाणी शिरत नाही. वरून लाइफ जॅकेट. दर वर्षी मोसमाच्या आधी तळ्यावर जाऊन मुद्दाम डोंगा उलटवतो आणि पुन्हा वर चढायचा सराव करतो. हे सगळं केल्याशिवाय मी गेले नसते, गं आई.

आम्ही जातो ते गाव नीआ बे. टकोमाहून गाडीनं चार तासांच्या वर. अलास्का सोडलं तर अमेरिकेच्या वायव्य टोकाला, जिथून पुढे फक्त प्रशांत महासागर. समोर टाटूश नावाचं छोटं बेट, त्यावर 1857 पासूनचं दीपगृह. गाव मकाह आदिवासींचं आहे, आणि त्यांच्या जमिनीवर फिरायला त्यांचा पास घ्यावा लागतो. मी तो दर वेळी आनंदानं घेते.

आता मासा. सालमन पाच-सहा जातींचे असतात. आम्ही धरतो तो बहुतेक कोहो, चांदीसारखा पांढरा, पाठ निळसर. त्याचा मोठा भाऊ चिनूक, त्याच्या हिरड्या काळ्या असतात. बाबा, तुमच्या हातात दिला तर तुम्ही आधी त्याचा जबडाच उघडून बघाल. इथेही ओळख तशीच पटते.

पहाटे उजाडायच्या आत डोंगे पाण्यात. दोरीला आधी डायव्हर, म्हणजे पाण्याच्या जोरानं दोरी खाली ओढणारी एक चकती. मग हातभर अंतरावर फ्लॅशर नावाची चकचकीत पट्टी, आणि तिच्या मागे गरी, तिला रबरी झालर असलेला खोटा माकूळ. डोंगा चालता ठेवायचा, माणूस सावकाश चालतो त्या वेगानं. पट्टी पाण्यात गोल फिरते, चमकते, आणि लांबून येणाऱ्या माशाला वाटतं की तिथे दुसरे मासे खाताहेत. सूप पाखडताना हाताला जी लय लागते तशी लय काठीच्या टोकाला लागते, ठक, ठक, ठक. ती लय मोडली की समजायचं. कधी शेवाळ अडकलेलं असतं. कधी काठी एकदम वाकते आणि तिच्यावरचं दोरीचं चाक किंचाळायला लागतं.

कोहो पाण्याबाहेर उड्या मारतो. डोंग्याच्या खालून जातो, दोरी नाकाशी आणतो, पुन्हा पळतो. डोंगा हलका असल्यानं मासा आपल्यालाच ओढत नेतो. दोरी ताणलेली ठेवायची, पण जोर करायचा नाही. सीलही टपून असतात. दमलेला मासा आपल्या डोळ्यांदेखत हिसकावून नेतात.

आणि मग तो क्षण, ज्यासाठी मी हे पत्र लिहायला घेतलं. मासा डोंग्याला टेकला की त्याला उचलायचा नाही. पाण्यातच त्याच्या पाठीकडे बघायचं. आपल्या शिंगाळ्याच्या पाठीवर शेपटीकडे जो मऊ, बिनकाट्याचा पंख असतो ना, तसाच पण अगदी छोटा पंख सालमनला असतो. माशांची पैदास करणाऱ्या केंद्रांत पिल्लं नदीत सोडायच्या आधी तो कापून टाकतात. पंखाच्या जागी भरून आलेला व्रण दिसला, तर मासा माणसानं वाढवलेला, तो ठेवता येतो. पंख शाबूत असला, तर तो नदीत आपोआप जन्मलेला जंगली मासा मानायचा. आम्ही जातो त्या भागात जंगली कोहो सोडून द्यावा लागतो, आणि सोडायचा मासा डोंग्यावर उचलून घेणंसुद्धा बेकायदा आहे. गरीला उलटा काटा ठेवायला मनाई आहे, त्यामुळे पक्कडीनं गरी फिरवली की तो लगेच सुटतो. ठेवलेला मासा तिथल्या तिथे नोंदीच्या कार्डावर लिहायचा, मागाहून नाही.

मागच्या खेपेला माझ्या गरीला लागला तो त्या दिवसातला सगळ्यात मोठा होता. पाण्यात आडवा झाला तेव्हा पाठीवरचा तो छोटा पंख मला स्पष्ट दिसला. हात थरथरत होते. मी गरी फिरवली. तो क्षणभर तिथेच थांबला, कल्ले हलवले, आणि सरळ खाली गेला. मला वाईट वाटलं नाही. आबाजी आठवले.

बाबा, आबाजींचं तुम्हीच सांगायचात. पाण्यावर मरळीच्या लाल पिल्लांचा घोस दिसला की खाली नर-मादी राखणीला असतात, श्वासाला वर येतात, तेव्हा त्यांना मारणं सगळ्यात सोपं. आबाजी तिथून जाळं आवरून पुढे जायचे. कुणी कायदा केला नव्हता. आता त्याच वेळी लोक टपून बसतात. मृगाच्या पहिल्या पुरात सलंगावरून, म्हणजे तलावाच्या सांडव्यावरून, नाल्यानं, धानाच्या बांधीत अंड्यांनी भरलेले मासे चढतात आणि सगळं गाव मच्छरदाण्या घेऊन उतरतं.

इथल्या आणि आपल्या तलावाच्या हिशेबात फार फरक नाही. रोहू-कतला उभ्या पाण्यात वीत नाहीत, त्यांची बोटुकली आपली मासेमारांची सोसायटी दर वर्षी विकत आणून सोडते. ते आपण सोडलेले, ते आपण काढायचे, त्यात काही गैर नाही. पण मरळ, शिंगाळा, वाघूर, बारीक मासळी, झिंगे यांची बोटुकली कुणी आणून टाकत नाही. ते आपल्याच पाण्यात विणार, तेव्हाच उरणार. म्हणून माझं मागणं आहे : सोसायटीच्या पुढच्या सभेत तुम्ही ठराव मांडा. पहिल्या पुराचे पंधरा दिवस सलंगावर आणि बांधीत मासे धरायचे नाहीत, आणि मरळीच्या घोसाखाली बारा महिने नाही. तुमचं ऐकतील. ज्यांची त्या दिवसांतली भाजी त्याच माशांवर चालते, त्यांचं काय हा प्रश्न उठेल, आणि तो खरा आहे. त्या घरांना सोसायटीनं साठ्यातला रोहू द्यावा. सुरुवातीला लागणारे पैसे मी पाठवते.

नीआ बेला जाताना वाटेत एल्व्हा नदी लागते. तिच्यावर 1913 साली धरण बांधलं, समुद्रापासून जेमतेम 8 किलोमीटरवर, आणि माशांना वर जायला वाटच ठेवली नाही. 1927 मध्ये त्याच्या वर दुसरं. सालमन ज्या ओढ्यात जन्मतो तिथलाच वास ओळखत समुद्रातून परत येतो, अंडी घालतो आणि मरतो. त्याचं शरीर अस्वलं, गरुड, काठची झाडं यांच्या पोटात जातं. शंभर वर्षं ते मासे धरणाच्या भिंतीपर्यंत येऊन थांबत होते. 2011 ते 2014 मध्ये दोन्ही धरणं पाडली. मासे वर गेले, आणि 2023 मध्ये तिथल्या क्लाल्लम आदिवासींनी स्वतःच्या नदीत पुन्हा कोहो धरला. मी काही आपल्या वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण पाडा म्हणत नाही, त्या पाण्यावर किती जणांचं धान उभं आहे ते मला ठाऊक आहे. पण 1988 मध्ये पायाभरणी झाली तेव्हा नदीतल्या माशांचं आणि आपल्या ढिवर मासेमारांचं काय, हे कुणी तुम्हाला विचारलं नव्हतं, आणि एल्व्हाच्या पुलावरून गेले की मला ते दर वेळी बोचतं.

मकाह लोकांनी 1855 च्या करारात जमीन दिली, पण मासे धरायचा हक्क राखून ठेवला. पुढे गोऱ्यांनी तो मानायचं सोडलं. इथल्या आदिवासींनी नदीत उतरून अटका करवून घेतल्या, कोर्टात गेले, आणि 1974 मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या माशांतला अर्धा वाटा त्यांचा. आज किती मासे धरायचे हे ठरवायला ते सरकारच्या बरोबरीनं बसतात. आपल्याकडे 2006 च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये पाण्यातल्या मासळीचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्या तलावाच्या एका अंगाला जंगल लागूनच आहे. तुमच्या पिढीनं ठेकेदाराच्या दारात पुष्कळ उभं राहून पाहिलं. लहान्यानं ग्रामसभेत हे विचारावं, कागद कोणते लागतात ते मी शोधून पाठवते.

आईला स्वयंपाकाचंही सांगायचं आहे. मासा हाती आला की लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्यायचं, मग बर्फात. हे केलं नाही तर मांस मऊ पडतं. इथले लोक तो मीठ लावून आल्डरच्या लाकडाच्या धुरात धुरवतात, फार चवदार लागतो. पण मी तुझ्यासारखाच करते, कांदा-खोबरं भाजून, खसखस, धने, चिंचेचा कोळ. या माशाला अंगचं तेल खूप, फोडणीत निम्मंच घालते. भात इथल्या दुकानातला, आपल्या चिन्नोरची सर नाही. फिलिपिन्सची मैत्रीण दोन वाट्या रस्सा नुसता प्याली, आणि तू तो कसा करतेस ते तिनं लिहून घेतलं.

बाबा, खांद्याचा एक्स-रे फोटो लहान्याकडून पाठवा. गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नका. सोसायटीची सभा कधी आहे ते कळवा, आणि ठरावाला कोण कोण आडवं येईल तेही. आजीला आणि मोठ्या आईला नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुमची लेक