संत्र्याची प्रतवारी गावातच व्हावी

महोदय,

कॉफीच्या चढ्या भावांविषयी आपल्या दैनिकात आलेला मजकूर वाचला. त्यात ब्राझील होतं, बाजार होता. पण आफ्रिकेच्या डोंगरउतारावरचा एक-दीड एकरवाला शेतकरी कुठेच दिसला नाही. काटोल तालुक्यात माझी संत्र्याची बाग आहे, त्यामुळे मला त्याच्याविषयीच लिहावंसं वाटतं.

कॉफीचं लाल फळ तोडलं की शक्यतो त्याच दिवशी त्याचा गर काढावा लागतो. फळ तसंच पडून राहिलं तर चव बिघडते. आफ्रिकेतल्या रवांडात पूर्वी बहुतेक शेतकरी हे काम घरीच, मिळेल त्या साधनाने उरकत आणि हलक्या मालाचा हलका भाव घेत. 1994 च्या वंशसंहारानंतर दक्षिणेतल्या माराबा भागातल्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था उभारली. तिच्यात नवरे गमावलेल्या बायकाही होत्या. काही वर्षांतच त्यांचं स्वतःचं धुलाई केंद्र आलं. अशा केंद्रावर फळं आधी पाण्यात टाकतात. जी तरंगतात ती बाजूला काढतात. गर काढलेल्या बिया टाकीत आंबवतात आणि चिकटा सुटला की धुतात. मग उंच जाळीच्या मांडवांवर ओलावा 11-12 टक्क्यांवर येईपर्यंत वाळवतात. डागी दाणे बायका हाताने वेचतात, आणि हे वेचणंच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. झाडं तीच, माती तीच. पण परदेशातले चोखंदळ खरेदीदार माराबाच्या दारी आले.

नुसती संस्था काढून भागत नाही, हेही खरं. केनियात कॉफी सोसायट्या जुन्या आहेत, तरी कपाती होऊन पैसे हातात पडायला शेतकऱ्याला महिनोन्‌महिने थांबावं लागल्याच्या तक्रारी तिथे जुन्याच आहेत.

आमच्याकडे आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या संत्र्याचा, सौदा बहुधा झाडावरच होतो. तोडणीला माणसं व्यापाऱ्याची, निवड त्याची, आणि चुरीचा, म्हणजे बारीक फळांचा, भाव तो म्हणेल तो. वर्षभर फळगळीशी झुंजणारा बागायतदार नेमका तेव्हाच बांधावर उभा राहून बघत असतो. मोठ्या प्रकल्पांच्या घोषणा खूप ऐकल्या. तीन एकरवाल्याचे चार कॅरेट तिथवर कोण नेणार?

दर आठ-दहा गावांमागे प्रतवारी आणि कोटिंगचं (फळावर मेणाचा पातळ थर देण्याचं) एक छोटं केंद्र द्या, मालकी उत्पादकांची ठेवा. फळ आणलं त्याच दिवशी प्रतीनुसार वजनाची पावती मिळावी आणि चुरी रसासाठी तिथूनच जावी. कृषी विभागाने येत्या आंबियाच्या तोडणीआधी निदान काटोल-नरखेडमध्ये एक तरी केंद्र सुरू करावं, ही कळकळीची विनंती.

— एक संत्रा उत्पादक, काटोल, जि. नागपूर