दार आपटू नकोस

।। श्री ।।

हेदवी, ता. गुहागर
शिमग्याच्या आधीचा रविवार

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, माणूस एवढे पैसे देतोय तर देऊन टाका ना ती फियाट." मी गप्प बसलो ते रागाने नव्हे. हे फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो आहे. आई म्हणते, व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवा. पण तसं नको वाटलं.

गाडी विकत मागणारे ते पुण्याचे गृहस्थ आले ते गुहागरच्या त्या दिवसामुळे, म्हणून आधी तो दिवस सांगतो. जानेवारीत तिथल्या सुरूच्या बनात आम्ही दहा-बारा जुन्या गाड्यांवाले जमलो. याने त्याला फोन केला, त्याने आणखी कुणाला, असं करत सगळे आले. कराडची अँबॅसिडर कुंभार्ली घाट उतरून आली. रत्नागिरीची स्टँडर्ड हेरल्ड जयगडला फेरीबोटीत चढून तवसाळला उतरली. दापोलीची विलीज जीप दाभोळ-धोपावे फेरीने आली, ती साऱ्या वाटेची लाल धूळ अंगावर घेऊनच.

हेरल्डचं बोनेट तू बघायला हवं होतंस. मडगार्ड, दिवे, सगळं मिळून एकच झाकण, आणि ते अख्खं पुढे कलतं. इंजिन आणि पुढची दोन्ही चाकं उघडी पडतात. मालक एका चाकावरच बसून प्लग साफ करत होते, जणू पाटावर बसून नारळ खवताहेत. ही गाडी मद्रासला तयार व्हायची, आकार काढलेला मिकेलॉत्ती नावाच्या इटालियन माणसाने. अँबॅसिडरचं मूळ इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डमध्ये. बंगालात उत्तरपाड्याला ती पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून थेट २०१४ पर्यंत बनत राहिली आणि तोंडवळा फारसा बदलला नाही. कराडचे मालक सांगत होते, त्यांच्या आईवडिलांच्या लग्नात याच गाडीत नवरा-नवरीसह अकरा जण बसले होते. जीपवाल्याच्या वडिलांनी त्या जीपवर वडाप केलं, म्हणजे माणशी भाडं घेऊन माणसं नेली, आणि तीन बहिणींची लग्नं काढली. कुणी बोलायला लागलं की बाकीचे हातातला चहा निववत ऐकत राहायचे. गाडी किती सीसीची हे कुणी फारसं विचारत नव्हतं. कुणाच्या घरची, कुठे बंद पडली, मग काय केलंत, हेच प्रश्न.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ चालत आले. पायात स्लीपर, हातात बाजाराची पिशवी. आपल्या फियाटपाशी थांबले. काळ्यापिवळ्या टॅक्सीवर तीस वर्षं काढली, म्हणाले, ताडदेवला गाडी लावायचो, आता गावी असतो. मी चावी पुढे केली तर म्हणाले, "नको, चालू नको करूस. नुसता बसतो." बसले. डावा हात स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यावर ठेवला आणि डोळे मिटले. क्लच दाबून पहिला टाकला, दुसरा, तिसरा, चौथा. परत न्यूट्रल. मग पुन्हा पहिल्यापासून. इंजिन बंद, गाडी जागच्या जागी, आणि त्यांचा हात कुठेही अडखळला नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी, म्हणजे याच फियाटचं पुढचं रूप, टॅक्सी म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली, कारण वीस वर्षांची मुदत संपली. त्यांची त्याआधीच भंगारात गेली होती. उतरताना त्यांनी दार लावलं ते तुझ्या आजोबांसारखं, आपल्या आप्पांसारखं, हलकेच ढकलून. त्या आवाजाने माझ्या पोटात कालवलं, बाय.

आप्पा कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात होते हे तुला माहीत आहे. तिथे काय करायचे ते मी तुला कधी सांगितलं नाही. ते दारं बसवायचे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ती कंपनी. १९६४ पासून तिथे फियाट ११०० डिलाइट बनायला लागली, आणि तीच गाडी पुढे १९७४ ला पद्मिनी झाली. आप्पा पहिल्या डिलाइटपासून त्या लाइनवर. बिजागरी, चकत्या, रबर, लॉक, एवढंच त्यांचं जग. दार बसवून झालं की दोन बोटांनी ढकलायचे आणि कान द्यायचे. 'टक' असा एकच आवाज यायला हवा. दोन आवाज आले तर पुन्हा बिजागरी सैल करायचे. घरी कपाटाचं दार कुणी जोरात लावलं तरी म्हणायचे, "आपटावं लागलं म्हणजे बसवणाऱ्याचं चुकलं."

नवी फियाट घ्यायला लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायचे. आप्पांच्या हातून रोज गाड्या जायच्या, पण स्वतःची घेतली ती १९८५ ला, रिटायर झाल्यावर, फंडाच्या पैशातून, आणि तीही जुनी, १९६८ ची. मारुती येऊन दीडेक वर्ष झालं होतं. चाळीत सगळे म्हणाले, म्हाताऱ्याला खूळ लागलंय. गाडी बघायला गेलो तेव्हा आप्पांनी बोनेट उघडलंच नाही. चारही दारं एकेक करून उघडून लावली. मी विचारलं, ही तुम्ही बसवलेली असतील का? म्हणाले, "असतील, नसतील. पण ज्याने बसवली त्याला काम येत होतं." आणि तिथल्या तिथे विसार दिला.

पुढचं तुला आठवत असेल. कशेडीत गाडी बंद पडली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. मावशीचं लग्न आटोपून मुंबईहून येत होतो, मे महिना, दुपारचे दोन. चढावर गाडीतला पेट्रोल पंप एवढा तापला की आतल्या पेट्रोलची वाफ झाली, आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. मी घाबरलो होतो. आप्पांनी आईकडून तुझ्या डोक्यावरचा ओला टॉवेल मागून घेतला, पंपाला गुंडाळला, वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि दगडावर बसून विडी पेटवली. विडी संपली, सेल्फ मारला, गाडी चालू. तू मात्र घाट उतरेपर्यंत ओकत होतीस आणि खेडपर्यंत सरबत मागत होतीस.

आता पुराचं. तू तेव्हा परदेशी होतीस, आणि काळजी नको म्हणून आम्ही तुला अर्धंच सांगितलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा गाडी तिथेच मिस्त्रींच्या शेडमध्ये होती, पत्र्याच्या कामाला. पाणी टपावरून गेलं. तिसऱ्या दिवशी मी पोचलो तर सीटवर वीतभर चिखल आणि डॅशबोर्डला अडकलेली कुणाच्या तरी घरची देवाची तसबीर. ती आपण देवघरात ठेवली आहे. शेजारच्या नव्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये पाणी शिरलं, इन्शुरन्सवाल्यांनी त्या सरळ मोडीत काढल्या. आपल्या गाडीत कॉम्प्युटर कुठला? ऑइल काढलं तर चहासारखं आलं. दोनदा डिझेलने धुऊन काढलं. प्लग काढून भोकांतून ऑइल सोडलं आणि तसंच चार दिवस ठेवलं. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून मी आणि मिस्त्रींनी गाडी हातभर पुढे, हातभर मागे ढकलली. इंजिन फिरलं. कार्बोरेटर उकळत्या पाण्यात टाकला, पॉइंट घासले, डायनॅमोची तार नव्याने गुंडाळून घेतली. तेवीस दिवसांनी चालू झाली. ज्यांचं स्वतःचं दुकान वाहून गेलं होतं ते मिस्त्री त्या दिवशी रडले आणि मीही रडलो.

म्हणून विकायची नाही. त्या पुण्याच्या गृहस्थांनी मला मोकळेपणाने सांगितलं, गाडी काचेच्या हॉलमध्ये ठेवणार, बाकीच्या सात-आठ गाड्यांबरोबर. माणूस प्रेमळ आहे, गाडीची हौसही खरी आहे. पण ती चालणार नाही.

याच कारणाने मी विंटेज नोंदणीही करत नाही. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी सरकारने २०२१ ला ती सोय काढली. वीस हजार भरायचे, दहा वर्षं चिंता नाही, जुना नंबरही तोच राहतो. चांगली सोय आहे. पण मग गाडी बाहेर काढायची ती रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला नाहीतर दुरुस्तीला. शृंगारतळीच्या बाजारात न्यायची नाही, शेजारच्या काकूंना दवाखान्यात सोडायचं नाही. आपली तर आठवड्यातून दोनदा हेच करते. तेव्हा दर पाच वर्षांचं पासिंग चालू ठेवायचं. पुढचं पुढल्या वर्षी आहे आणि त्याआधी गाडी तुझ्या नावावर करावी असं मला वाटतं. तू हो म्हणालीस तरच.

हो म्हणालीस तर तिचं खाणंपिणं शिकून घ्यावं लागेल. पहिला गिअर गाडी पुरती थांबल्याशिवाय टाकायचा नाही, नाहीतर दातऱ्या ओरडतात. वाळूवर न्यायची नाही. कुणी कितीही म्हणो, समुद्राजवळ फोटोला उभी केली तर त्याच संध्याकाळी खालून विहिरीच्या पाण्याने धुवायची. पावसाळ्यात बॅटरी काढून गाडी मांगरात ठेवायची आणि आठवड्याला एकदा तरी बॅटरी जोडून तिथल्या तिथे इंजिन चालू करायचं, म्हणजे उंदीर घर करत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं आहेत. आंब्याचा मोहोर, पाला, धूळ बसून ती बुजतात, आत पाणी साठतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून रंग चकचकीत, आणि एक दिवस बोट लावलं तर आरपार. खाऱ्या हवेत तर दोन पावसाळे पुरतात. आप्पा दर महिन्याला केरसुणीतला एक हीर घेऊन चारही दारांची भोकं मोकळी करायचे. मीही तेच करतो. सत्तावन्न वर्षं झाली, दारं अजून मूळचीच आहेत.

तू एप्रिलमध्ये येते आहेस ना? चिपळूण स्टेशनवर मी गाडी घेऊन येतो. मागचं डावीकडचं दार पुरानंतर जरा खाली उतरलंय, लावताना दोन आवाज येतात. मिस्त्री म्हणतात बिजागरी बदला. मला वाटतं, वरच्या बिजागरीखालची एक चकती काढली की बसेल. आप्पांचा पाना मी तेल लावून काढून ठेवला आहे. तू आल्यावर आपण दोघं बघू. स्क्रू तू सोड, दार मी धरतो.

तुझा
बाबा