परत मागवलेली वस्तू घरात आहे, हे घराला कळवणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या घरी डाळ शिजत असताना कुकरचे झाकण उडाले आणि माझ्या सुनेचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. शिट्टीच्या नळीत डाळ अडकली असावी, म्हणजे चूक आपलीच, असे आम्ही सुरुवातीला धरून चाललो होतो. परंतु ओळखीच्या दुरुस्ती कारागिराने झाकण उलटे करून सेफ्टी व्हॉल्व्ह दाखवला, तेव्हा खरा प्रकार लक्षात आला. नळी चोंदली किंवा पाणी आटले, तर या व्हॉल्व्हच्या मधोमध बसवलेला मऊ धातू ठरावीक उष्णतेला वितळून वाफेला वाट करून देतो. आमच्या झाकणातला तो ठिपका जसाच्या तसा चकचकीत होता. खोक्यावर आयएसआयचे चिन्ह ठसठशीत छापलेले होते. मात्र त्या चिन्हासोबत असावा लागणारा, सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक ना खोक्यावर होता, ना भांड्याच्या बुडाला.

दुकानदाराने आम्हाला वाईट वागणूक दिली, असे मी म्हणणार नाही. त्याने हात जोडले आणि दुसऱ्या कंपनीचा कुकर बदलून दिला. पण दहा दिवसांनी त्याच दुकानात गेले, तेव्हा त्याच बनावटीची चार खोकी फळीवर होती. विचारले, तर म्हणाला, “काकू, वरून कुणी काही कळवलेलं नाही, मी परत कुणाला देऊ?” आणि आधी विकलेल्यांचे काय, या प्रश्नावर त्याच्याकडे उत्तरच नव्हते, कारण कोणी नेले याची नोंदच नव्हती.

हे पत्र लिहिण्याचे कारण नेमके हेच आहे. कायदा आपल्याकडे आहे. घरगुती प्रेशर कुकरसाठी आयएस २३४७ या मानकाचे प्रमाणपत्र १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २० नुसार धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवण्याचा आणि ग्राहकांना पैसे परत करायला लावण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे, आणि तो वापरलाही गेला आहे. मानकात न बसणारे कुकर आपल्या संकेतस्थळावरून विकू दिल्याबद्दल ऑगस्ट २०२२ मध्ये प्राधिकरणाने ॲमेझॉनला २,२६५ कुकर परत घेण्याचा, सर्व खरेदीदारांना कळवून पैसे परत करण्याचा आणि एक लाख रुपये दंड भरण्याचा आदेश दिला. हा २,२६५ आकडा मला फार बोलका वाटतो. ऑनलाइन कंपनीकडे प्रत्येक खरेदीदाराचा पत्ता असतो, म्हणून तो अगदी शेवटच्या नगापर्यंत सांगता आला. आमच्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत किंवा महाद्वार रोडवर रोखीने घेतलेल्या कुकरबाबत असा आकडा कोण सांगू शकेल?

शिवाय आपल्याकडे कुकर ज्याने विकत घेतला त्याच्याच घरी राहतो, असेही नाही. तो रुखवतात मांडला जातो, आहेर म्हणून दिला जातो, वास्तुशांतीला भेट जातो. कोल्हापुरात घेतलेला कुकर गडहिंग्लजला किंवा राधानगरीला नांदत असतो आणि त्याचे वॉरंटी कार्ड कोरेच्या कोरे खोक्यासह माळ्यावर पडलेले असते. बिघडलेला कुकर नव्या भांड्याच्या बदल्यात मोडीत जातो, आणि तिथून तो भट्टीत जाईल की पॉलिश होऊन आठवडी बाजारात येईल, याची खात्री कोणी द्यायची? त्यामुळे परत घेतलेला माल दुकानदाराच्या भरवशावर न सोडता पंचांसमक्ष ठेचून निकामी करणे मला अत्यावश्यक वाटते.

छोट्या व्यापाऱ्याला एवढ्या नोंदी ठेवणे जमणार नाही, असे कोणी म्हणेल. मी त्यांना गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, जाऊन यायला सांगेन. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा सोन्याचा दागिना सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय विकता येत नाही. सुरुवातीला सराफांनीही अडचणी सांगितल्या, पण आज हे काम रोजचे झाले आहे. दोन ग्रॅमच्या कानातल्याला स्वतंत्र क्रमांक असू शकतो, तर जो रोज पेटत्या शेगडीवर चढतो त्या कुकरला, पाणी तापवायच्या रॉडला, गिझरला का नसावा? बिलावर वस्तूचा क्रमांक आणि ग्राहकाचा मोबाइल क्रमांक लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही.

कळवण्याचा मार्गही हाताशी आहे. गॅस एजन्सीकडे सिलिंडर घेणाऱ्या घरांचे मोबाइल क्रमांक असतात. सिलिंडरचा नंबर लावला की लगेच संदेश येतो. एखादी शेगडी, रेग्युलेटर किंवा कुकर परत मागवला गेला, तर तोच संदेश मराठीत, वस्तूचे नाव आणि क्रमांक देऊन, त्याच मोबाइलवर का पाठवू नये? रेशन दुकानाच्या फलकावर आणि संबंधित दुकानाच्या दर्शनी भागात तीच सूचना किमान महिनाभर लावावी. इंग्रजीतील आदेश दिल्लीच्या संकेतस्थळावर ठेवल्याने आमच्या गल्लीतल्या एकाही बाईला तो कळलेला नाही.

ग्राहक संरक्षण कायद्याच्याच कलम १६ आणि १७ नुसार अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते आणि ते चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल पाठवू शकतात, हे मलाही या प्रसंगानंतरच समजले. मी लेखी तक्रार दिली आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाने अशा तक्रारींसाठी स्वतंत्र खिडकी ठेवावी आणि दर महिन्याला आलेल्या तक्रारींतील वस्तूंची यादी वृत्तपत्रांना द्यावी, अशी माझी विनंती आहे. तो कुकर मी मोडीत दिलेला नाही. झाकणासह जुन्या साडीत बांधून ठेवला आहे, म्हणजे तपासणीसाठी कोणी आले तर दाखवता येईल.

काल पुन्हा त्या दुकानावरून गेले. चारपैकी दोनच खोकी फळीवर होती. उरलेले दोन कुकर ज्यांच्या घरी गेले असतील, त्यांनी आणि ज्यांनी अलीकडे कुकर घेतला त्या सर्वांनी आज रात्री भांडे पालथे करून सीएम/एल क्रमांक पाहावा, तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासावा, आणि क्रमांक नसेल तर तो कुकर शेगडीवर न चढवता १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर कळवावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
शिवाजी पेठ, कोल्हापूर